आधी घर दाखवा

काकांच्या दुकानातून मासा विकत घेणं सोपं नव्हतं. मला दोन महिने लागले.

दुकान लालबागला, मिरच्या कुटणाऱ्या गिरण्यांच्या गल्लीत. त्या गल्लीत माणूस शिंकत शिरतो आणि डोळे पुसत बाहेर पडतो. मसाल्याची धूळ पाण्यात पडू नये म्हणून काकांनी दाराला ओल्या गोणपाटाचा पडदा लावला होता आणि तासातासाने उठून ते त्यावर तांब्याभर पाणी मारायचे. पडदा सारून आत गेलं की हिरवट उजेड, पंपांची गुरगुर आणि दोन्ही भिंतींना छतापर्यंत काचेच्या टाक्या. मधल्या बोळात एका वेळी एकच गिऱ्हाईक मावायचं. काकांना ते बरं वाटायचं. म्हणायचे, "दोघं आले की आपापसातच ठरवतात. मग मला कोण विचारतो?"

दुकानाच्या ह्या मालकांना सगळी गल्ली काकाच म्हणायची. उंच, काटकुळे, साठी ओलांडलेले. लग्न केलेलं नव्हतं. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट. त्याची डावी बाही मनगटापर्यंत नीट बटण लावलेली आणि उजवी खांद्यापर्यंत गुंडाळलेली, कारण तो हात दिवसभर पाण्यात असायचा. लिहायचं असलं की डाव्या हाताने लिहायचे. लहानपणापासून डावखुरे का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाही. उजवा ओला असतो ना. शिकलो."

काचेवर टकटक केलेली त्यांना खपत नसे. एकदा एका लहान मुलाने टाकीवर बोटं वाजवली. त्याचे वडील हेल्मेट न काढताच आत आले होते. काकांनी पेनाने त्या हेल्मेटवर दणादण पाच-सहा ठोके दिले आणि शांतपणे विचारलं, "कसं वाटलं?" मग काका मुलाकडे वळून म्हणाले, "त्यांनाही तसंच वाटतं. फक्त त्यांना हेल्मेट काढून बाहेर जाता येत नाही."

स्वतः देवगडचे. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात. जेवताना मात्र टाक्यांकडे पाठ करून बसायचे. मी हसले तर गंभीरपणे म्हणाले, "त्यांच्यासमोर नको. बरं दिसत नाही."

मी पहिल्यांदा गेले ती आमचे सात जीव घालवून. माझी मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या हट्टापायी नवऱ्याने स्टेशनजवळून एक गोल काचेचं भांडं आणलं होतं. त्यात दोन गोल्डफिश, एक फायटर आणि चार निऑन. पाचव्या दिवशी भांडं रिकामं झालं. सई दोन दिवस नीट जेवली नाही. मला वाटलं, दुसरे आणले की विसरेल.

"कोण कोण होतं?" काकांनी विचारलं. मी यादी सांगितली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"गोल्डफिश दिवसभर खातो आणि घाण करतो, त्याला थंड आणि भरपूर पाणी लागतं. फायटरसमोर कुणी पंख हलवले की त्याचं डोकं फिरतं. निऑनला आपली सहा-आठ माणसं सोबत लागतात, नाहीतर तो भीतीनेच मरतो. ह्या सगळ्यांना तुम्ही एका भांड्यात कोंबलंत. भांडं केवढं होतं? कळशीएवढं?"

"त्याहून लहान," मी म्हणाले.

"मग आधी घर दाखवा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खरंच घर बघायला यायचे. त्यांच्याकडे एक जाड वही होती. त्यात हिशेब नव्हते, घरं होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खोलीचा नकाशा, खिडकी कुठे, फ्रिज कुठे, ऊन किती वाजता येतं, घरात कोण चिडकं आहे. घर न बघता ते गप्पीसारखा साधा मासासुद्धा देत नसत. परळच्या एका नव्या टॉवरमधल्या बाई मोबाइलवर सोफ्याचा फोटो घेऊन आल्या होत्या. राखाडी सोफ्याला उठून दिसेल असा केशरी मासा हवा होता. काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "केशरी उशी घ्या. धुताही येते."

आम्ही तेव्हा चिंचपोकळीला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दहा बाय अठराची एक खोली. नवरा, मी, सई आणि सासूबाई. काका रविवारी सकाळी दहाला आले, पिशवीतून मोजपट्टी आणि स्टीलचा पेला घेऊन. चहा नको म्हणाले. पेला काठोकाठ भरून मागितला आणि खोलीत एकेका जागी ठेवून सईला सांगितलं, "मार उडी."

सई उड्या मारू लागली. काका वाकून पाण्याकडे बघत. आमची जमीन लाकडी फळ्यांची. दोन फुटांच्या टाकीचं वजन वाळू आणि पाणी धरून पाऊणशे किलो होतं. "म्हणजे तुमच्या मिस्टरांएवढं," काका मला म्हणाले. "पण ते घरात फिरतात. हिला चोवीस तास एकाच जागी उभं राहायचंय." चौथ्या उडीला खालच्या शेजाऱ्यांनी छताला काठीने ठोकलं. काकांनी वहीत लिहिलं : खालचे तापट.

फ्रिजवर जागा होती, पण फ्रिज थरथरतो. खिडकीपाशी होती, पण दुपारी ऊन येतं. पाणी हिरवं होईल आणि मे महिन्यात मासे शिजतील. देव्हाऱ्याच्या खाली ठेवू म्हटलं तर काकांनी सासूबाईंकडे संशयाने बघितलं.

"ह्या फुलं वाहतील."

"मी कशाक माशाक फुलां व्हावतलंय?" सासूबाई कुडाळच्या. त्या राग आला की मालवणीत जायच्या.

"एका घरात हळदकुंकू टाकलं होतं पाण्यात. मत्स्यावतार म्हणून. तीन दिवसांत अवतार संपला."

शेवटी एकच जागा उरली. आतला कोपरा. जाड भिंत, खाली तुळई, ऊन नाही, वारा नाही. पेल्यातलं पाणी तिथे हललंसुद्धा नाही. पण त्या कोपऱ्यात सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन होतं.

ते मशीन चार वर्षांत चाललं नव्हतं. त्या मशीनवर त्यांनी अख्ख्या चाळीची पोलकी शिवली होती, नवऱ्याच्या शाळेचे गणवेश शिवले होते. आता दिसत नाही म्हणायच्या. तरी दर दसऱ्याला तेल घालून, पुसून, हार घालून ते तिथेच. त्यावर कपड्यांची चळत. मी लग्न होऊन आल्यापासून त्या कोपऱ्याबद्दल बोलायचं धाडस केलं नव्हतं. नवरा म्हणाला, "आई, तसंही ते बंदच आहे ना..."

सासूबाई पदराने मशीनचं चाक पुसायला लागल्या.

काकांनी वही मिटली. "मशीन हलवायचं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याची जागा घेऊन टाकी ठेवायची नसते. ह्या घरात मासे बसत नाहीत." पेल्यातलं पाणी तुळशीला घातलं, चपला घातल्या आणि गेले. सई रडायला लागली. मला त्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. सुरी चालवल्यासारखं एका वाक्यात सगळं संपवून गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "चल. त्या माणसाचं दुकान दाखव."

मी म्हटलं, झालं. आता भांडण.

पडदा सारून त्या आत शिरल्या, मी बाहेर मिरच्यांच्या खकाण्यात उभी. आत जागाच नव्हती. पण ऐकू सगळं येत होतं.

"माझ्या मशीनचा निर्णय तुम्ही कसा घेतलात?" सासूबाईंनी सुरुवात केली. "मला विचारलंत? नात रात्रभर मुसमुसली. मी वाईट झाले ना त्यात?"

"शिवता का अजून?" काकांनी विचारलं.

"डोळ्यांना दिसत नाही."

"ऑपरेशन?"

"झालं दोन वर्षांमागे. तरी दोरा ओवता येत नाही."

"त्या कोपऱ्यात मलाही नसता आला ओवता," काका म्हणाले. "काळोख आहे तिथे. म्हणून तर माशाला चांगला. मशीन कधी खिडकीत घेऊन बघितलंत?"

"तेव्हा खिडकीत ह्यांची खाट असायची," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. खाट तर आम्ही कधीच काढून टाकली होती. मशीन मात्र, जागा झाल्यावरही, कोपऱ्यातच राहिलं होतं. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने आणि शेजारच्यांनी मशीन उचलून खिडकीत ठेवलं. सासूबाई बसल्या. दुसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी सईच्या फ्रॉकला खिसा लावून दिला आणि मग अख्ख्या मजल्याच्या उश्यांचे अभ्रे शिवायला घेतले.

टाकी आली तरी मासे लगेच आले नाहीत. जागा आधी, पाणी मग, मासा सगळ्यात शेवटी, असं काकांचं म्हणणं. तीन आठवडे नुसतं पाणी आणि झाडं. शेजारीपाजारी येऊन वाकून बघायचे आणि विचारायचे, "मासे कुठे लपलेत?" सईला एंजलफिश हवा होता. काका म्हणाले, "मोठा झाला की छोट्यांना गिळतो. नाव बघून फसू नकोस." शेवटी सहा झेब्रा आणि चार कोरी मिळाले. झेब्रा वर पळत राहतात, कोरी तळाशी वाळू चाळत असतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. सासूबाई पहिल्या दिवशी तासभर टाकीसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "खाण्यापेक्षा ह्यांका बघण्यातच जास्त वेळ जाता."

तेव्हापासून सासूबाईंची आणि काकांची ओळख वाढली. ओळख म्हणजे वाद. कुडाळचं पाणी गोड की देवगडचं, इथपासून सुरू व्हायचा. दर गुरुवारी बाजार करून येताना त्या दुकानात डोकवायच्या, स्टुलावर बसून गिऱ्हाइकं बघायच्या.

दोनेक वर्षांनी काका वरची टाकी साफ करताना स्टुलावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जागचं हलायचं नाही म्हणून सांगितलं. काकांनी हॉस्पिटलमधून पहिला फोन आम्हाला केला. म्हणाले, "दुकान बंद ठेवता येत नाही. गिऱ्हाइकांचं सोडा. आत अडीचशे जीव आहेत."

"मी बघते," सासूबाई म्हणाल्या. आम्ही कोणी काही बोलायच्या आत.

सकाळी नऊला त्या चिंचपोकळीहून चालत निघायच्या, पाठीला पाण्याची बाटली, हातात गोणपाटासाठी तांब्या. खाणं घालायच्या, पाणी बदलायच्या, मेलेला मासा जाळीने काढून वहीत नोंद करायच्या. दिवसातून तीन वेळा काकांचा व्हिडिओ कॉल. मोबाइल टाकीसमोर धरायचा. "मला तुमचं तोंड नको," काका तिकडून ओरडायचे, "तळ दाखवा, तळ!" बाजूच्या खाटेवरच्या पेशंटने तक्रार केली तेव्हा काकांनी त्यालाही कोरी मासे दाखवले. तो पुढे डिस्चार्ज मिळाल्यावर घर दाखवायला तयार झाला.

सासूबाई काकांपेक्षा कडक निघाल्या. त्यांनी सहा आठवड्यांत अकरा जणांना परत पाठवलं आणि फक्त तिघांना मासे दिले. तिघांचीही घरं रविवारी स्वतः जाऊन बघितली, वहीत आपल्या अक्षरात लिहिली.

काका काठी घेऊन पहिल्या दिवशी दुकानात आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी एकेक टाकी बघितली. काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक होतं. मग वही उघडली. पहिलं घर वाचलं, मान हलवली. दुसरं वाचलं, मान हलवली. तिसऱ्या पानावर थांबले.

"हा पत्ता कोणी दिला?"

"त्याच माणसाने," सासूबाई म्हणाल्या. "प्रभादेवीला राहतो. मी बघून आले ना घर. टाकी आधीच होती. जागा अगदी तुमच्या मनासारखी. झाडं तर काय सुंदर. नाव नाही विचारलं. माणूस शांत वाटला. सहा झेब्रा दिले."

काकांनी वही माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसले. "तो माझा भाऊ आहे," ते म्हणाले. "बाबू."

त्यांना भाऊ आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी गावी आई खूप आजारी झाली. काका आठ दिवसांसाठी देवगडला गेले, दुकान धाकट्या भावावर सोपवून. बाबू एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. शनिवारी संध्याकाळी त्याने सगळ्यांना खाणं घातलं, कुलूप लावलं आणि लावता लावता, शाळेत दर शनिवारी करायचा तसा, मेन स्विच बंद केला. रविवार गेला. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा सगळे पंप बंद आणि टाक्या उलट्या पोटांनी भरलेल्या.

"आई त्या खेपेला वाचली," काका म्हणाले. "मासे गेले. त्याने माझ्या पायाला हात लावून माफी मागितली. मी म्हटलं, तुझ्या हातात जीव देण्यासारखा तू माणूस नाहीस. नंतर तीन-चार वेळा मासे मागायला आला. मी दिले नाहीत. गणपतीत गावी भेट होते. मी पडवीत असलो की तो मागीलदारी बसतो."

"अकरा वर्षं?" सासूबाईंनी विचारलं.

"चला," काका उठले. "परत घेऊन यायचे ते मासे."

"मी दिलेत," सासूबाई म्हणाल्या. "परत घ्यायचे तर मीच ठरवणार."

पण त्या आल्या. मीही गेले, कारण काकांना टॅक्सीत चढवायला कोणीतरी लागणार होतं. प्रभादेवीच्या जुन्या गल्लीतली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. काका प्रत्येक वळणावर पायरीवर बसायचे, दम घ्यायचे, पुन्हा उठायचे. मी दोनदा म्हटलं, काका, नंतर येऊ. ऐकलं नाही.

दार उघडणाऱ्या माणसाने काकांना बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. तसाच काटकुळा, काकांसारखंच नाक. त्याने घाईघाईने खुर्ची पुढे केली. काका बसले. खुर्ची टाकीच्या समोरच होती.

टाकी दोन फुटी. पाणी इतकं नितळ की मागची भिंत स्वच्छ दिसत होती. झाडं वरपर्यंत आलेली, कापून कापून दाट झालेली. त्यात ते सहा झेब्रा ह्या टोकाकडून त्या टोकाला पळत होते.

"पाणी कधीचं?" काकांनी टाकीकडे बघतच विचारलं.

"दर रविवारी बादलीभर बदलतो."

"तसं नाही. टाकी कधी भरलीस?"

"त्याच वर्षी. दिवाळीत."

"आणि मासे?"

"नव्हते," बाबू म्हणाला. "डासांची तपासणी करायला येतात ते दरवेळी विचारायचे, पाणी कशाला साठवलंय? मी पंप चालू दाखवायचो. म्हणायचो, मासे यायचे आहेत."

सासूबाईंनी माझा हात धरला.

"दुसरीकडे मिळत नाहीत?" काकांचा आवाज जरा चढला. "मुंबईत माझंच एक दुकान आहे?"

"मिळतात." बाबू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "पण दुसऱ्याकडचे आणून मी काय करू? तू दिलेस तरच माझ्याकडे असायला हवेत, असं मला वाटलं. आता तू नव्हतास म्हणून मी गेलो, हे चुकलं माझं. न्यायचे तर ने."

काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, पुढे वाकले. पंपाचा आवाज ऐकला. तळाची वाळू बघितली. उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेलीच होती. झाकण उचलून त्यांनी हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. झेब्रा आधी लांब पळाले, मग एकेक करून बोटांजवळ आले. मी उभी होते तिथून मला काकांचा चेहरा दिसत नव्हता. बाबूचा दिसत होता. तो काकांच्या बोटांकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने काकांनी हात बाहेर काढला. बाबूने खुंटीवरचा टॉवेल दिला. काकांनी घेतला, एकेक बोट पुसलं आणि सासूबाईंकडे वळले.

"किती दिलेत म्हणालात?"

"सहा."

"सहाच?" काका चिडून म्हणाले. "एवढी जागा, एवढी झाडं, असं पाणी, आणि सहा? हिशोबाने आठ तरी राहतात ह्यात." मग टॉवेल भावाच्या खांद्यावर टाकत म्हणाले, "उद्या ये, बाबू. दोन घेऊन जा."